पाळीची नोकरी, पेटलेला गट आणि टेबलावरचा खेळ

प्रश्नाचा गोषवारा असा. प्रश्नकर्ते छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहतात आणि गेल्या सोमवारी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले आहेत. पाळी दर आठवड्याला बदलते आणि साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दीड वर्षापासून ते दर रविवारी सहा जणांसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ चालवतात (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घ्यायचे आणि खेळ चालवणाऱ्याने रचलेल्या कथेत फासे टाकत पुढे जायचे, असा हा खेळ), आणि शहरातील बोर्डगेम खेळणाऱ्यांचा मोठा व्हॉट्सॲप गटही तेच सांभाळतात. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी खेळात एकाचे पात्र मेले. त्यावरून आठवडाभर गटात भांडण झाले, खासगी संभाषणाचे स्क्रीनशॉट फिरले, आणि त्या गदारोळात टेबलावरच्या एका मुलीवर तिच्या पात्राच्या आडून शेरे मारले गेले, त्यामुळे तिने येणे थांबवले. घरचे म्हणतात, नोकरी लागली, आता फासे ठेवून द्या. त्यांचे प्रश्न तीन: गट बंद करावा का, मेलेले पात्र परत आणावे का, आणि पाळ्या सांभाळून खेळ चालेल का?

तुमचे पत्र वाचून मला या तिन्ही प्रश्नांमागे एकच अडचण दिसते. खेळ चालवणे आणि गट चालवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि दीड वर्ष ती दोन्ही तुम्ही एकट्याने ओढली. सामन्याचा पंचही तोच आणि मैदान झाडणाराही तोच, अशी ही व्यवस्था हाताशी मोकळा वेळ होता तोवर निभावली, आणि पाळीची नोकरी सुरू होताच एका आठवड्यात ती कोलमडली. माझा सल्ला असा की खेळ स्वतःकडे ठेवा आणि गटाचा कारभार दुसऱ्यांच्या हाती द्या. मात्र कारभार सोडण्यापूर्वी एक काम तुम्हालाच उरकावे लागेल, आणि ते मेलेल्या पात्राचे नाही.

ते काम त्या मुलीचे आहे. तुम्ही पत्रात तिचा विषय तिसऱ्या परिच्छेदात, पात्राच्या मृत्यूनंतर मांडला आहे. माझ्या मते क्रम उलटा हवा. ‘तिची चेटकीण रात्री सरायात एकटी का उतरते’ हा जो संदेश तुम्ही उतरवून पाठवला आहे, तो नीट वाचा. खेळात सगळी टोळी त्या सरायात उतरली होती, आणि तिला तिथे उतरवणारे खेळ चालवणारे म्हणून तुम्हीच होता. म्हणजे प्रश्न पात्राला विचारलेला नाही, तो रात्री उशिरापर्यंत खेळायला येणाऱ्या मुलीला विचारलेला आहे, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ते कळले आहे. अशा वेळी गटप्रमुख गप्प राहिला की त्या शेऱ्याला त्याची मूक संमती आहे असेच धरले जाते, मग तो त्या वेळी कारखान्यात मशीनपाशी उभा होता की घरी झोपला होता, याची चौकशी कोणी करत नाही.

तिला संदेश पाठवू नका, फोन करा, आणि तोही रात्रपाळी उतरून नव्हे, झोप झाल्यावर. ‘परत कधी येतेस’ असे विचारू नका. त्यातून तिच्यावरच गट जोडून ठेवण्याची जबाबदारी येते. मला न सांगितलेले आणखी काही घडले आहे का, आणि यात मी काय करावे असे तुला वाटते, एवढेच विचारा. त्यानंतर शेरे मारणाऱ्याला गटातून काढा. त्यासाठी मतदान घेऊ नका, कारण एखाद्याच्या सन्मानाचा निर्णय बहुमताने घेणे म्हणजे तो सन्मान पुन्हा एकदा चावडीवर मांडणे होय. तो ‘मस्करी केली’ म्हणेल आणि त्याचे दोन मित्र तुम्हाला ‘एवढं काय मनावर घेता भाऊ’ म्हणतील. त्यांना उत्तर देत बसण्याचे कारण नाही. मूळ संदेश पुसण्याआधी मात्र त्यांची नोंद ठेवा, कारण तिला पुढे सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करायची असेल तर ती नोंद लागेल, आणि करायची की नाही हे तिनेच ठरवायचे आहे. तुमच्या मनात कायद्याची धास्ती आहे, म्हणून सांगतो: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. कायद्याने तुम्ही सुटता, पण टेबल तुमचे आहे आणि ती त्या टेबलावरची खेळाडू आहे, हे नाते कायद्याच्या कक्षेत येत नाही.

आता गट. तो बंद करू नका. तुमच्या टेबलावरचे सहा जण सोडले तर बाकीचे लोक तिथे कोणाकडे ‘कॅटान’सारखा बोर्डगेम आहे, कोणाला शनिवारी चौथा खेळाडू हवा आहे, एवढ्यासाठीच येतात. त्यांना या भांडणाशी देणेघेणे नाही, उलट त्याचा जाच होतो आहे. आजच दोन जणांना ॲडमिन करा, त्यातला किमान एक तुमच्या टेबलावरचा नसावा. पुढचे काही दिवस फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील अशी व्यवस्था ठेवा; ही सोय व्हॉट्सॲपमध्ये आहेच आणि ती वापरण्यात हुकूमशाही नाही. नंतर खेळाच्या सूचनांसाठी एक गट आणि गप्पांसाठी दुसरा, अशी विभागणी करा. तुमच्या सहा जणांच्या टेबलाचा गट वेगळा असावा, आणि टेबलावरचा वाद टेबलावरच मिटेल, मोठ्या गटात तो आणला जाणार नाही, हा एकच नियम त्यात लिहून ठेवा. स्क्रीनशॉट कोणी फोडले याचा शोध घेण्याची तुम्हाला उबळ येईल. तो घेऊ नका. असा शोध मी अनेक गटांत पाहिला आहे. त्यातून नाव क्वचितच निघते आणि संशय मात्र सगळ्यांवर बसतो.

एक बारीक गोष्ट, जी गटाच्या चर्चेत कधी येत नाही. तुम्ही लिहिता की कारखान्यात शिरताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये तो उघडला की दोनशेच्या वर संदेश आलेले असतात. आठ तास गेज, मोजमाप आणि बाद मालाच्या नोंदी यांत डोके घातलेला माणूस ते संदेश वरून खाली वाचत येतो, त्याच्या लक्षात शेवटचे दहा राहतात, आणि तो त्या दहांना उत्तर देतो. वाद मात्र पहिल्या वीस संदेशांत असतो. तुमच्या पत्रातला जो संदेश तुम्हाला स्वतःलाही कडक वाटला, तो तुम्ही मध्यरात्री बसमधूनच पाठवला होता. पाळीच्या आठवड्यात बसमधून गटावर काहीही लिहायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे भांडण आपोआप विझेल. नोकरीचा पहिला महिना असाही सुरक्षेचे प्रशिक्षण, नव्या लोकांची नावे, सुपरवायझरची बोलण्याची तऱ्हा आणि बिघडलेली झोप यांतच जातो, त्यात ही भर नको.

आता पात्राचा मृत्यू. तुम्ही सांगितलेली घटना अशी: योद्ध्याचे बळ शून्यावर आले, तो बेशुद्ध पडला, मृत्यूशी झुंजीचा पहिला फासा त्याने हरला, आणि त्यानंतर पटावरच्या शेजारच्या घरात उभ्या असलेल्या राक्षसाने त्याच्यावर वार केला. तुम्ही दोन अपयशे धरली, आधीचे एक मिळून तीन झाली, आणि पात्र मेले. खेळाडूचे म्हणणे असे की वाराचे एकच अपयश धरायला हवे होते.

नियम तुमच्या बाजूने आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बळ शून्य झालेल्या पात्राने आपल्या प्रत्येक खेपेला वीस बाजूंचा फासा टाकायचा असतो. १० किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश, तीन यशांनी जीव स्थिरावतो आणि तीन अपयशांनी मृत्यू येतो. १ पडला तर दोन अपयशे धरतात, आणि २० पडला तर पात्र एक बळ घेऊन उठते. म्हणजे प्रत्येक फाशाला ५५ टक्के संधी खेळाडूची असते. या अवस्थेत मार बसला की एक अपयश वाढते, आणि तो मार निर्णायक वाराचा असेल तर दोन. बेशुद्ध पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून केलेला वार लागला, तर तो आपोआप निर्णायक धरला जातो. राक्षस शेजारच्याच घरात होता, म्हणून दोन. हिशेबात चूक नाही.

आणि तरीही तुम्ही हा नियम गटावर टाकून वाद संपवू शकला नाहीत, याचे कारण खेळाडूची तक्रार हिशेबाची नव्हतीच. पडलेल्या माणसावर राक्षस पुन्हा वार करेल ही शक्यता त्याला आधी कळली नव्हती. नियमपुस्तकात ते बंधन कुठेही नाही, पण अनुभवी लोक टेबलावर एक प्रघात पाळतात: जीवघेणी चाल करण्याआधी ती बोलून दाखवायची. ‘राक्षस पडलेल्या योद्ध्याकडे वळतो आहे, त्याचा भाला उचललेला आहे, तुमच्यापैकी कोणी काही करणार का?’ एवढे एक वाक्य म्हटले की बाकीच्यांना अडवायची, ओढून न्यायची, औषध पाजायची संधी मिळते, आणि त्यानंतर मरण आले तर ते सगळ्यांनी पाहिलेले मरण असते. पात्रे मरतील की नाही, मेली तर किती सहज, याविषयी सहा जणांचे एकमत खेळ सुरू करतानाच घ्यायला हवे. तुम्ही ते घेतले होते का हे पत्रात नाही. घेतले नसेल तर पुढच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटे त्यालाच द्या. त्याच बैठकीत जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी मांडलेली एक साधी युक्ती सुरू करा: टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड ठेवायचे, आणि कोणाला एखादा प्रसंग नकोसा झाला तर त्याने त्यावर बोट ठेवायचे. कारण विचारायचे नाही. प्रसंग बदलायचा आणि पुढे जायचे.

पात्र परत आणायचे का? गटाच्या दबावाखाली आणू नका, कारण मग यापुढचा प्रत्येक मृत्यू मोबाईलवर लढवला जाईल. पण खेळाच्या आत त्याची वाट खुली आहे. मेलेल्याला एका मिनिटाच्या आत उठवणाऱ्या मंत्राची वेळ टळली. मात्र दहा दिवसांच्या आत उठवणारा वरच्या पातळीचा मंत्र आहे, आणि त्यासाठी ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. तो हिरा कुठे मिळेल, त्यासाठी बाकीचे पाच जण काय पणाला लावतील, की त्या योद्ध्याला निरोप देऊन मित्र नवे पात्र घेईल, हे त्यांनी समोरासमोर बसून ठरवावे. माझा कल हिऱ्याच्या मोहिमेकडे आहे. रुसलेला खेळाडू टेबलाशी राहतो, आणि तुम्हाला पुढच्या दोन-तीन बैठकांचे कथानक आयते मिळते.

गटातला सगळाच गोंगाट फुकटचा असतो असे मात्र समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये याच खेळाच्या मालक कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, इतरांना नियम वापरू देणारा जुना परवाना बदलण्याचा घाट घातला, त्याचा मसुदा बाहेर फुटला, आणि जगभरचे खेळाडू खवळले. महिनाही उलटला नाही तोच, २७ जानेवारीला, कंपनीने ५.१ आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुले करत असल्याचे जाहीर केले. मधल्या काळातल्या मोघम खुलाशांनी राग शमला नव्हता. लेखी आणि मागे न घेता येणाऱ्या निर्णयाने तो शमला. तुमच्या गटातही ‘आपण सगळे मित्र आहोत’ या छापाचे आवाहन कोणी टाकू नये. काय ठरले ते चार ओळींत लिहावे. त्या निर्णयाचा आणखी एक फायदा तुम्हाला आहे: श्रेय दिले की त्या नियमांचे मराठी टिपण करून टेबलावर वाटायला कोणाची हरकत नाही. मृत्यूच्या फाशाचा वर लिहिलेला भाग एका कागदावर छापून सहा जणांच्या हाती दिलेला असता, तर निदान हिशेबावरचा वाद उद्भवला नसता.

पाळ्या सांभाळून खेळ चालेल, पण दर रविवारी चार-पाच तास हे जुने माप सोडावे लागेल. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळ मोकळी असते, दुसऱ्या पाळीत ती नसते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस मोकळा असला तरी शुद्धीवर नसतो. म्हणून वारावर अडून न बसता पाळीचा तक्ता समोर ठेवा आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यातला गुरुवार धरा, संध्याकाळी सात ते नऊ. तुमची सुट्टी असेल आणि बाकीचे कामावरून परतलेले असतील. तीन पाळ्यांच्या फेऱ्यात हा योग तीन आठवड्यांतून एकदा येतो, आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत तेवढा पुरे. सहापैकी चार आले की खेळ सुरू, अशी संख्या ठरवून टाका. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि त्या संध्याकाळी निम्मे लोक घरी टाकी भरत बसतात. सिडको, गारखेडा, उस्मानपुरा असे खेळाडू विखुरलेले असतील तर प्रत्येकाचा पाण्याचा दिवस वेगळा. पुण्या-मुंबईचे लोक याला हसतील, पण इथे बैठक जुळवणाऱ्याने पाळीच्या तक्त्याशेजारी पाण्याचे वेळापत्रकही लावून ठेवावे.

मधल्या आठवड्यांत टेबल तुमच्याविना चालू द्या. कोणीतरी ‘कार्कासोन’ काढेल, ७२ फरशांचा तो खेळ पाऊण तासात उरकतो. कोणी ‘पॅन्डेमिक’ काढेल. भांडून बसलेल्यांसाठी मी ‘पॅन्डेमिक’च सुचवेन, कारण त्यात सगळे मिळून रोगाच्या साथींविरुद्ध खेळतात, जिंकले तर सगळे आणि हरले तर सगळे. एवढेच पाहा की सर्वांत हुशार खेळाडू बाकीच्यांच्या चाली ठरवत सुटणार नाही. तो सुटतोच.

तयारीचा वेळ वाचवण्यासाठी दूरदेशीचे काल्पनिक किल्ले रचू नका, देवगिरी तासाभरावर आहे. प्रसंगांचा सांगाडा तिथे तयारच मिळतो: खडकात कोरलेला खंदक, त्यावरचा अरुंद पूल, पुलापलीकडची अंधारी आणि वरची बारादरी. अंधारीत शिरलेल्या शत्रूला वळणावळणाच्या काळोखात चकवायचे आणि वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर आत सोडायचा, ही तिथले मार्गदर्शक सांगतात ती युक्ती कोणत्याही छापील साहसकथेत शोभेल. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने रामदेवरावाला वेढले तेव्हा गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा सांगतात. ती वापरून मी एकदा दोन तासांची बैठक चालवली आहे, जिच्यात लढाई एकही नव्हती, फक्त कोठाराचा हिशेब होता आणि कोणाला ही गोष्ट सांगायची यावर खल होता. पूल, अंधारी, कोठार असे तीन प्रसंग, प्रत्येकाला एक अडचण आणि एक माणूस, एवढी टिपणे पानभरात मावतात आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी चहा घेता घेता लिहून होतात. तुमचा हिरा त्या कोठारात ठेवायलाही हरकत नाही.

घरच्यांविषयी थोडेसेच. फासे म्हणजे जुगार ही समजूत वादाने जाणार नाही. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, हे सांगूनही जाणार नाही, मी सांगून पाहिले आहे. टेबलावर पैसा येत नाही आणि नऊ वाजता खेळ संपतो, हे त्यांना सलग काही महिने दिसले पाहिजे. शक्य असेल तर एक बैठक घरीच ठेवा आणि मराठी टिपण आईवडिलांच्याही हाती द्या.

या गुरुवारी मात्र खेळ ठेवू नका. आधी तो फोन करा, मग शेरे मारणाऱ्याला काढा, दोन ॲडमिन नेमा, आणि मृत पात्राच्या मालकाला एकट्याला चहाला बोलावून विचारा की त्याला हिरा शोधायला आवडेल की नवे पात्र घ्यायला. बाकीच्यांना पुढच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यातली तारीख कळवा. ती मुलगी तोवर काहीच ठरवू शकली नसेल तर तिची खुर्ची धरून ठेवा, आणि तिच्या चेटकिणीला खेळात कोणी मारणार नाही, दुसरे कोणी चालवणारही नाही, हे इतर पाच जणांना तारखेच्या त्याच संदेशात लिहून कळवा.